दोन दिवसांची विश्रांती

कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या रस्त्याचा आवाज बदलतो. फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. दिवाळी सरली की उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागं दोन ट्रॉल्या, त्यांवर माळ्याला टेकेल एवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं बांधलेले साउंडबॉक्स. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं. गाण्याच्याही आधी खिडकीचे गज थरथरायला लागतात. तो पुढं गेला की मागं ओल्या उसाचा, डिझेलचा आणि कुठंतरी पेटवलेल्या पाचटाचा वास रेंगाळतो.

यंदाचा पहिला ट्रॅक्टर परवा गेला. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. गज वाजले आणि माझा हात आपोआप डाव्या कानाच्या वर गेला. तिथं काही नाही. टेंगूळ कधीच उतरलं. तरी हात जातो.

आत्ती शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आलं बघ तुझं."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. माझा नवरा महेश शिरोलीला एका फौंड्रीत आहे. मुलगा शिकायला बाहेर. मी एका हायस्कूलमध्ये दहावीला गणित शिकवते. घरात दिवसभराच्या आम्ही दोघीच, असं मी पडले त्या हंगामापर्यंत मी कधी म्हटलंच नव्हतं, कारण दिवसभर मी घरात नसायचेच.

दोन वर्षं होतील आता. संक्रांत होऊन गेली होती. दहावीची पूर्वपरीक्षा संपली होती, पेपरांचा गठ्ठा कपाटात होता आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. सकाळी मी गाडीवरून निघाले. हेल्मेट हुकाला अडकवलेलं. जवळच तर जायचंय, या एका वाक्यावर आपण सगळे किती वर्षं जगतो. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याचा चिकट रगडा झाला होता. पुढचं चाक एका कांड्यावर चढलं आणि सरकलं. डाव्या बाजूला मी पडले, हे मला आठवतं. डोकं आपटल्याचा आवाज आठवतो. तो आवाज बाहेरून आला नव्हता, आतून आला होता.

एक रसवंतीवाला धावत आला. "ओ मॅडम, लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, न्हाय," मी म्हणाले.

त्यानं गाडी उभी करून दिली, पाणी दिलं. "जरा बसा की." मी बसले नाही. हाताला खरचटलं होतं, साडीला चिखल लागला होता, आणि मला लाज वाटत होती. माणसं बघत होती. पडलेल्या माणसाला आधी लाजच वाटते, दुखतं मागाहून. मी गाडी चालू केली.

तिथून शाळेपर्यंतचा रस्ता माझ्याजवळ नाही. म्हणजे मी तो पार केला, वाटेत सिग्नल लागले असतील, मी थांबले असेन, वळले असेन. त्यातलं काहीही मला आजपर्यंत आठवलेलं नाही. त्या दहा-बारा मिनिटांत माझ्या गाडीसमोर कोणी आलं असतं तर, हा विचार मी पूर्ण करत नाही.

पुढचं आठवतं ते वर्गातलं. फळ्यावर वर्गसमीकरण होतं. मी ते सोडवलं, पुसलं आणि पुढचं घातलं. मुलं कुजबुजायला लागली. मी ओरडले. मग पुढच्या बाकावरची सानिका उभी राहिली. हुशार मुलगी, पण कधी उलट बोलणारी नाही. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हेच गणित आता तिसऱ्यांदा घातलंय तुम्ही."

वर्ग हसला. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून गप्प झाला. फळ्यावर माझंच अक्षर होतं आणि ते मला कुणा परक्याचं वाटत होतं. खिडकीतून येणारं ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचत होतं. खडूच्या वासानं मळमळायला लागलं.

स्टाफरूममध्ये घोरपडे मॅडम होत्या. त्या खेळाच्या शिक्षिका, मुलींचा फुटबॉलचा संघ त्यांच्याकडं. मी पडल्याचं त्यांना सांगितलं, तेही हसत. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"सकाळी काय खाऊन आलात?"

मला सांगता येईना. नाश्ता ही गोष्ट असते, एवढंच माहीत होतं. त्यांनी परत विचारलं, पडल्यावर शाळेत कशा आलात. मी म्हणाले, "आले की." त्या दिवशी गुरुवार होता.

"गाडीची किल्ली द्या इकडं," त्या म्हणाल्या. मी आढेवेढे घेतले, दुसरा तास आहे म्हणाले, चिडलेसुद्धा. त्यांनी माझी पर्स उघडून किल्ली काढून घेतली. "माझ्या पोरींना पण मी विचारून बाहेर काढत न्हाय मैदानातनं. डोक्याला लागलं की खेळ संपला." दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात मला उलटी झाली.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. डोळ्यांत टॉर्च मारली, एका रेषेवर चालायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. मला दोनच आले. डोक्याचा स्कॅन झाला. तोवर महेश आला होता. स्कॅन स्वच्छ निघाला तेव्हा त्यानं सुस्कारा टाकला. डॉक्टर म्हणाल्या, "रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, हे चांगलंच आहे. पण म्हणून काही झालं नाही असं नका समजू. मेंदूला जोराचा हिसका बसलाय. कन्कशन म्हणतात याला. ते फोटोत दिसत नसतं." मग महेशकडं वळून त्यांनी सांगितलं की, उलट्या थांबेनात, हाक मारून जाग येईना, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, बोलणं जड झालं किंवा हातापायातली ताकद गेली, तर विचार करत बसू नका, तसंच उचलून आणा. आणखीही बरंच सांगितलं. कागदावर लिहून दिलं. मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं आणि यातलं निम्मं मला महेशनं नंतर सांगितलं म्हणून माहीत आहे.

घरी आल्यावर महेश म्हणाला, "आई, हिला पूर्ण विश्रांती सांगितलीय. उजेड नको, आवाज नको, फोन नको." दोन दिवस, असं तो म्हणाला की नाही यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. तो शपथेवर सांगतो, म्हणालो. आत्तींनी 'पूर्ण' एवढाच शब्द धरला.

आणि त्यांनी ती पूर्ण केली.

आमच्या मागच्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यावर आत्तींनी दोन वाकळा बांधल्या, फटींत जुन्या साडीचे बोळे कोंबले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक डोक्यात वाजते असं मी बोलून गेले, तर त्यांनी त्यातला सेलच काढला. माझा फोन पिठाच्या डब्यामागं गेला. कुकरची शिट्टी नको म्हणून त्या पातेल्यात भात शिजवू लागल्या, मिक्सर शेजारी नेऊन वाटण करू लागल्या. दारात आलेल्या बायकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवत. "निजलीया. मागनं या." आणि ज्या बाईला आयुष्यात कधी हळू बोलणं माहीत नव्हतं, ती बाई माझ्याशी कुजबुजत बोलू लागली.

पहिले दोन दिवस मला हे सगळं देवानं दिल्यासारखं वाटलं. नंतर मोजणं थांबलं.

अंधारात दिवस कसा ओळखायचा? मी ट्रॅक्टरवरून ओळखायचे. गाणी जवळजवळ आली की सकाळ, तुरळक झाली की दुपार. लांबून नुसती धडधड यायची, छातीत शिरायची, मग खोली हलायची, मग गाण्याचे तुटके शब्द, मग पुन्हा धडधड लांब. एक गेला की दुसऱ्याची वाट बघणं हीच शिक्षा. मी उशीखाली डोकं घालायचे. कांद्याची फोडणी बसली की पोट उलटं व्हायचं. उठून बसलं की पलंग तिरका व्हायचा. आणि रडू. कशावरूनही. चहात साखर कमी म्हणून मी रडले आहे.

जखम असती तर बरं झालं असतं, असं वाटायचं. पाय मोडला असता, प्लास्टर असतं, त्यावर माणसं नावं लिहून गेली असती. माझं काय मोडलं होतं ते मलाही दाखवता येत नव्हतं. माझी नणंद बघून गेली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "दिसायला तर बरी हाय की." मला ते ऐकू आलं. तिचंही चुकलं नव्हतं. आरशात मीही बरीच दिसत होते.

अंधारात मी स्वतःची परीक्षा घ्यायचे. सतराचा पाढा म्हणायचा. सतरा पाचे पंच्याऐंशी, इथवर यायचं आणि पुढं भिंत. पंच्याऐंशीत सतरा मिळवायचे, वीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आले, आणि ते दोन आकडे डोक्यात एका वेळी उभेच राहत नव्हते. एकाला धरलं की दुसरा निसटायचा. तेव्हा जी भीती वाटली तिला मी अजूनही नाव देऊ शकत नाही. माझं घर, माझा पगार, लोक मला देतात तो मान, महेशशी वाद घालायची माझी पद्धतसुद्धा, सगळं या एका डोक्यावर उभं होतं. ते परत आलं नाही तर या खोलीतून बाहेर पडून तरी मी कोण म्हणून पडणार होते?

आठवड्यानं दाखवायला बोलावलं होतं. आत्ती म्हणाल्या, "त्या रस्त्यानं डोस्कं हादरंल तिचं. आदी बरी होऊ दे." महेशलाही दिसत होतं की वाकळ जरा बाजूला केली तरी मी कण्हते. म्हटलं तर सगळे माझीच काळजी घेत होते. मीही नाही म्हणाले नाही. नाही म्हणायला जो एक धागा लागतो तो माझ्या हाती लागत नव्हता.

मग एके दिवशी, तेवीस दिवस झाले होते हे मला मागाहून कळलं, मला पाणी हवं होतं. तांब्या रिकामा होता. आत्तींना हाक मारली, उत्तर नाही. भिंत धरत दारापर्यंत गेले, दार ओढलं. उघडेना. परत ओढलं. बाहेरून कडी होती.

मी त्या घरात वीस वर्षं राहत होते. ते दार मी शेकडो वेळा उघडलं असेल. त्याला बाहेरून कडी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. प्रत्येक थाप डोक्यात बसत होती, तरी बडवत राहिले. ओरडले. मग जमिनीवर बसले आणि दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीवर बोटं ठेवून बसून राहिले. डोळे दुखत होते. पण बोटं काढवत नव्हती.

आत्ती गिरणीत गेल्या होत्या. आल्या, कडी काढली, मला खाली बसलेलं पाहिलं आणि हातातला पिठाचा डबा तसाच खाली ठेवला.

"मला कोंडून गेलात तुम्ही?" मी म्हणाले. लग्नानंतर इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"तू उठून जाशील म्हणून."

"जाईन नाहीतर काय? मी काय मेलेय?"

त्यांचं तोंड एकदम लहान झालं. "शिवा असाच उठून गेलता," त्या म्हणाल्या.

"कोण शिवा?"

"भाऊ माझा." आणि तांब्या उचलून त्या पाणी आणायला गेल्या.

मला त्यांचे दोन भाऊ माहीत होते. शिवा कधी ऐकला नव्हता.

महेशला संध्याकाळी मी एवढंच म्हणाले, उद्या मला डॉक्टरकडं ने, नाहीतर मी चालत जाईन. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून, डोळे मिटून मी गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तेवीस दिवस अंधारात? कुणी सांगितलं?"

महेश माझ्याकडं, मी महेशकडं.

"मी दोन दिवस लिहिलं होतं." त्यांनी फाइलमधला तो कागद काढून आमच्यासमोर ठेवला. त्यांच्याच अक्षरात होतं. पहिले दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू उजेड, घरातली हलकी कामं, पाच मिनिटं चालणं. त्रास वाढला तर एक पायरी मागं. कमी झाला तर एक पायरी पुढं. स्कॅन स्वच्छ म्हटल्यावर ती फाइल कोणी उघडलीच नव्हती. "आता जो त्रास होतोय, त्यातला काही त्या हिसक्याचा आहे," त्या म्हणाल्या, "आणि काही त्या खोलीचा. पण दोन्ही जाईल. वेळ लागेल, पण जाईल."

मला रडू आलं. ते चांगल्या बातमीचं होतं की तेवीस दिवसांचं, मला ठरवता आलं नाही.

घरी महेशनं आईला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सांगितलं. मागच्या खोलीत जाऊन आत्तींनी गाठी सोडल्या, वाकळा उतरवल्या, अंगणात नेऊन झटकल्या आणि घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर त्या चपला घालून उभ्या होत्या.

"चल. पाच मिण्टं म्हणल्यात न्हवं?"

रस्ता सोडून आम्ही मागच्या शेतातल्या वाटेनं जाऊ लागलो. माझ्या डोक्यावर पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि कोपराला आत्तींचा हात. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. तोडलेल्या उसाचे बुडखे, पाटाचं पाणी, कुणाच्या तरी गुऱ्हाळावरून येणारा उकळत्या रसाचा वास. तो वास मला पहिल्यांदा मळमळ न होता आला त्या दिवशी मी थांबून दोनदा श्वास घेतला. एकदा बरं वाटतंय म्हणून पूर्वपरीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा काढला आणि सलग तीन तास तपासत बसले. दुसऱ्या दिवशी डोकं उचलवेना, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवसापासून पंधरा मिनिटांचा गजर लावून बसू लागले. गजर झाला की आत्ती समोरून पेपर उचलायच्या, उत्तर अर्धं वाचून झालं असलं तरी. माझी मुलं बोर्डाचा गणिताचा पेपर देत होती तेव्हा मी घरी अंगणात बसून होते. ते मला अजून लागतं. सानिका पेपर सुटल्यावर थेट घरी आली आणि एकेक प्रश्न सांगत बसली. मी अर्ध्यात थांबवलं तिला, दमले म्हणून. ती म्हणाली, "राहू दे मॅडम, सोपा होता."

त्या शेतातल्या वाटेवर शिवा थोडा थोडा येत गेला. आत्तींचं माहेर मलकापूरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. शिवा सगळ्यांत थोरला. गवताच्या गंजीवरून पाय निसटून खाली दगडावर पडला. उठला, हसला, कापडं झाडली आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी शेतातच कोसळला तो परत उठला नाही. एवढं सांगून त्या प्रत्येक वेळी बोलण्याची वाट बदलायच्या, पाटाकडं बघ, पेरू बघ, असं म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "महेशला बोलू नगंस." मी बोलले नाही. ज्यांनी मला कोंडलं त्यांच्यावर मी अजून रागावलेली होते. राग आणि कोपराला धरलेला तो हात, दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये हंगाम संपून रस्ता गप्प झाला. मी अर्धा दिवस शाळेत जाऊ लागले होते. शेवटच्या तपासणीला आत्ती म्हणाल्या, मी बी येते. डॉक्टरांनी टॉर्च मारली, चालायला लावलं, पाच शब्द विचारले. पाचही आले. "आता तुम्ही मोकळ्या," त्या म्हणाल्या. मी उठले. आत्ती उठल्या नाहीत.

"माझं एक इचारायचं हाय."

"विचारा की, आजी."

आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "थोरला भाऊ पडला हुता माझा. मी त्याची भाकरी घिऊन शेतात गेलते. मला म्हणला, डोस्कं लई दुखतंय, सारकं वकारी येतंय. आईला सांगू नगंस, कामाचा खोळंबा हुईल. मी न्हाय सांगितलं. दुसऱ्या दिशी गेला." त्या थांबल्या. "मी सांगितलं असतं तर ऱ्हायला असता का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"अकरा."

"आजी, सांगितलं असतं तर राहिला असता का, हे मला खरंच सांगता येणार नाही. कदाचित राहिला असता, कदाचित तेव्हा तिथून दवाखान्यापर्यंत पोचला नसता. पण तो तेवढा मोठा माणूस. त्याला स्वतःला कळलं नाही. घरातल्या मोठ्यांना कळलं नाही. आम्ही डॉक्टर, आमच्याही नजरेतून कधी कधी सुटतं. अकरा वर्षांच्या पोरीला कसं कळणार होतं?"

आत्तींनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

संध्याकाळी महेश कामावरून आला. पायरीवर बसून बूट सोडत होता. मी सांगायला तोंड उघडलं होतं, डॉक्टर काय म्हणाल्या ते. त्याआधी आत्ती आतून बाहेर आल्या, त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांच्या मूळच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "महेश, तुला आनी एक मामा हुता. सगळ्यांत थोरला. शिवा नाव त्याचं."

महेशचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

"बस असाच," आत्ती म्हणाल्या. "सांगते."